एकशे अठरा टक्के जिवंत

"सर, एकशे अठरा टक्के जिवंत म्हणजे किती जिवंत हो?"

मुल्लाबाईंनी हे विचारलं तेव्हा मी यंत्रातून आलेला कागद दोन्ही हातांत धरून उभा होतो. मुलाचा पहिला नंबर आला की बाप प्रगतिपुस्तक धरतो, तसा. प्रश्न साधा होता, पण मला तो अडाणी वाटला. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, दोन वर्षं परदेशात राहून मिरजेला परत आलो होतो आणि मला बरेचसे प्रश्न अडाणी वाटत.

"असं बघा बाई," मी म्हणालो. "औषध न घातलेल्या पेशींना आपण शंभर धरतो. आपल्या औषधातल्या पेशींना एकशे अठरा मिळाले. म्हणजे त्या नुसत्या जगल्या नाहीत. त्यांनी बाळसं धरलं."

"पण सकाळी मी मायक्रोस्कोपखाली बघितल्या, तेव्हा गोल झाल्या होत्या बऱ्याचशा. तळ सोडून तरंगत होत्या."

"तरंगत असतील," मी म्हणालो. "आनंदात असतील."

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. पुढे कित्येकदा वाटलं की तेवढं तरी कुणी ऐकलेलं नसावं. पण मुल्लाबाईंनी ऐकलं होतं, आणि त्या काही विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

रेहाना मुल्ला आमच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं पेशी वाढवत होत्या. माणसाच्या कातडीतल्या पेशी, बशीत, गुलाबी पाण्यात. दर दोन दिवसांनी ते पाणी बदलावं लागतं, नाहीतर पेशी उपाशी मरतात. ईदच्या दिवशीसुद्धा बाई सकाळी येऊन पाणी बदलायच्या आणि मग घरी शिरखुर्मा करायला जायच्या. त्यांचं शिक्षण बी.एस्सी.पर्यंतचं. माझं किती, ते मी दारावरच्या पाटीवर तीन ओळींत लिहून घेतलं होतं.

औषध माझं होतं. चांदीचे अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे. चांदी जंतू मारते हे जुनंच आहे, भाजलेल्या जखमांवर चांदीची मलमं डॉक्टर लावतातच. माझी करामत एवढीच की हे कण मी डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात तयार केले होते, त्यामुळे प्रत्येक कणावर सालीचा पातळ लेप बसायचा. साली मी बसस्टँडजवळच्या रसवाल्याकडून आणत असे. सांगलीच्या एका वर्तमानपत्राने 'डाळिंबाच्या सालीचं सोनं' अशा मथळ्याखाली माझा फोटो छापला. मुळात चांदी होती, पण मी काही त्यांना खुलासा पाठवला नाही.

मलम आधी सशांवर लावून झालं होतं. सशांना काही अपाय झाला नाही आणि काही फायदाही झाला नाही. तेव्हा मी चांदी दसपट केली. आता माणसांवर लावून बघायचं तर परवानगी देणारी समिती होती, आणि समितीने लेखी विचारलं होतं की दसपट चांदीने कातडीच्या पेशींना काही होत नाही ना. त्यासाठी ही चाचणी. पेशींवर पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जितकं जांभळं गडद, तितक्या पेशी जास्त जिवंत. गडदपणा यंत्र मोजतं आणि टक्के छापून देतं.

मी कागद समितीच्या फायलीत लावला आणि डॉक्टर कुंभोजकरांना फोन केला.

कुंभोजकर जवळच्याच इस्पितळात भाजलेल्या रोग्यांचा विभाग बघत. उंच, कमी बोलणारे, चाळीस वर्षं जळालेली कातडी बघून कशाचंच कौतुक न उरलेले. तेही त्या दिवशी म्हणाले, "एकशे अठरा? चांगलं आहे, आवटी. माझ्याकडे अकरा रोगी तयार आहेत. परवानगी मिळाली की सुरू करू."

तीन-चार दिवसांनी माझा हात भाजला. भांडी निर्जंतुक करायचं वाफेचं यंत्र मी घाईने उघडलं आणि डाव्या मनगटाच्या वर वाफेचा झोत बसला. पेढ्याएवढा फोड आला, फुटला, खाली लाल ओलं. मुल्लाबाई बर्फ घेऊन धावत आल्या.

"बर्फ नको," मी म्हणालो. "मलम आणा. आपलं."

"सर, त्याला अजून परवानगी नाही."

"माझ्या हाताला माझी परवानगी आहे."

बाईंनी मलम आणलं, पण लावून दिलं नाही. डबी टेबलावर ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. मीच बोटाने भरपूर चोपडलं. बाई बघत होत्या म्हणून जरा जास्तच.

दहाव्या दिवशी जखम करडी पडली. पंधराव्या दिवशी तशीच. कडा पांढुरक्या, मधे ओल, नवी कातडी धरायचं नाव नाही. मी रोज सकाळी अंघोळीनंतर बघायचो आणि रोज थोडं जास्त मलम लावायचो. बरं होत नाही म्हणजे मात्रा कमी पडतेय, हा माझा निष्कर्ष. एखाद्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला वर्गाबाहेर घालवला असता.

एप्रिल लागला होता. मिरजेच्या एप्रिलात माणसं गंजिफ्रॉकवर बसतात. मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. कुणी विचारलं तर सांगायचो, समितीपुढे जायचंय, सवय करतोय.

समिती शुक्रवारी बसणार होती. त्याच्या आदल्या दिवशी कुंभोजकरांनी मला वॉर्डात बोलावलं. रोग्याला सगळं त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगून मगच सही घ्यायची, असा नियम होता, आणि औषध तुमचं तर तुम्हीच सांगा, असं त्यांचं म्हणणं.

यादीत पहिलं नाव बाळाप्पा कोरे. मिरजेच्या पूर्वेकडच्या एका गावातला गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात रसाचा गूळ कधी झाला हे नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस. काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, पाक उसळून त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला होता. हात उशीवर ठेवून तो बसला होता, एखादी उसनी आणलेली वस्तू सांभाळावी तसा.

मी सुरुवात केली. नॅनो म्हणजे काय, चांदी म्हणजे काय, डाळिंब म्हणजे काय, सशांना लावून कसा काही अपाय झाला नाही. तो मान डोलवत होता, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या बाहीकडे बघत होता.

"किती दिस झालं?" त्याने मधेच विचारलं.

"कशाला?"

"तुमच्या हाताला. बाही चिकटलीया. मघापासनं सोडवून घेताय."

"झाले थोडे. पंचवीस."

"पाकानं?"

"नाही. वाफेनं."

"वाफेचं एवढं ऱ्हात न्हाई, सायेब." तो अगदी शांतपणे बोलत होता, जसा एक जाणकार दुसऱ्या जाणकाराशी बोलतो. "आमच्यात दर हंगामाला कोण ना कोण भाजतंय. वाफेचं असंल तर पंधरा दिसांत साल निघून खाली गुलाबी येतंय. तुमी काय लावलंय त्येला?"

"काही नाही," मी म्हणालो. "तसंच सोडलंय."

"मग ह्येच लावा की." त्याने डाव्या हाताने माझ्या मांडीवरच्या अर्जावर बोट ठेवलं. "एवढं गुणकारी हाय म्हणताय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरीची काळजी होती. मी अर्जावर त्याचा अंगठा न घेताच उठलो. उद्या घेऊ म्हणालो.

इस्पितळापासून आमची संस्था पाच मिनिटांवर. मला वीस मिनिटं लागली. वाटेत मी स्वतःला बरीच कारणं सांगून बघितली. माझी कातडी नाजूक असेल. मी जखम ओली ठेवत असेन. पण त्या प्रत्येक कारणात एक अडचण होती: बाळाप्पाचीही कातडी कातडीच होती.

मुल्लाबाई पेशींचं पाणी बदलत होत्या. मी दारातच म्हणालो, "बाई, त्या तरंगणाऱ्या पेशी मला दाखवा."

त्यांनी हातातलं काम संपवलं, हातमोजे काढले, आणि कपाटातून दोनशे पानी वही काढली.

"परत परत बघितलंय, सर. पाच वेळा. वेगवेगळ्या दिवशी."

पेशी जिवंत की मेलेल्या हे ओळखायची एक जुनी पद्धत आहे. निळा रंग घालायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, मेलेली निळी होते. मग एकेक मोजत बसायचं. यंत्र आल्यापासून आम्ही ते सोडून दिलं होतं. निदान मी सोडलं होतं. बाईंनी पाच वेळा, दरवेळी काही शे पेशी, हाताने मोजल्या होत्या. वहीत उभ्या रेघा मारलेल्या, पाच-पाचच्या जुड्या. खाली उत्तर: शंभरात चौदा जिवंत.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, आनंदात असतील."

मी स्टुलावर बसलो. "पण मग यंत्र? यंत्र खोटं कसं बोलेल?"

"तेच मलाही कळेना. म्हणून सोमवारी ही एक बशी केली." त्यांनी फ्रिजमधून एक बशी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यातले नमुन्यांचे छोटे छोटे खड्डे गर्द जांभळे होते, अगदी जांभळाच्या रसासारखे. "मशीनवर घातली, तर एकशे तीन टक्के आले."

"चांगल्या वाढल्यात मग ह्या."

"ह्यात पेशी घातल्याच नाहीत सर. नुसतं पाणी, तुमचे कण आणि पिवळं औषध. ह्यात कोणीच नाही, आणि एकशे तीन टक्के जिवंत आहेत."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

प्रकार माझ्या लक्षात यायला दहा सेकंदही लागली नाहीत, आणि ती दहा सेकंद खर्च करायला मला महिना लागला होता. पिवळ्याचं जांभळं करायला पेशीच हवी असं नाही. डाळिंबाच्या सालीत जो तुरटपणा असतो, तोही तेच काम करतो. कणांवरचा लेप स्वतःच रंग बदलत होता आणि यंत्र बिचारं प्रामाणिकपणे मोजत होतं. रिकाम्या बशीचे एकशे तीन, खऱ्या जिवंत पेशींचे चौदा, मिळून एकशे सतरा. एकाचा फरक राहतो, तो यंत्राचा धरा. कणांची चाचणी करताना पेशींशिवायची एक बशी ठेवायची असते, हे मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवायचो. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही काढायचो.

"हात दाखवा," बाई म्हणाल्या.

मी बाही वर केली. त्यांनी वाकून बघितलं. "वहीत जे दिसतंय तेच आहे," त्या म्हणाल्या. "उद्या काय करणार?"

"सांगणार. समितीला सगळं सांगणार."

त्या क्षणी तसंच ठरवलं होतं. इथे कुणी मला धीरोदात्त वगैरे समजू नये म्हणून पुढचंही सांगतो. सकाळपर्यंत माझा धीर बराच उतरला होता. एक वाक्य मात्र तयार झालं होतं, गुळगुळीत आणि निरुपद्रवी: काही तांत्रिक कारणामुळे प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडावा ही विनंती. त्यात खोटं काही नव्हतं. खरंही फारसं नव्हतं. प्रस्ताव पुढे ढकलला की दोन महिन्यांत तो आपोआप विसरला जातो, आपल्याकडे अशी सोय असतेच.

समितीत सहा माणसं. चार डॉक्टर, एक वकील, आणि सामान्य माणसांच्या वतीने बसलेले एक निवृत्त पोस्टमास्तर. कुंभोजकर एका बाजूला खुर्ची ओढून बसले होते. मी माझं वाक्य म्हटलं.

"तांत्रिक कारण म्हणजे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"यंत्राचं जरा... मोजमाप तपासायचंय."

"चुकीचं आहे का?"

"थोडा फरक असू शकतो."

"थोड्याने काय होतंय," कुंभोजकर म्हणाले. "एकशे अठराचे शंभर झाले तरी चालतील. माझे रोगी थांबलेत. यंत्र तपासत राहू दे, आपण सुरू करूया. पहिला रोगी उद्याच घेता येईल."

अध्यक्षबाईंनी फाईल उघडली. "मला काही हरकत दिसत नाही. कागद व्यवस्थित आहेत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गुळगुळीत वाक्याची ही अडचण मी धरली नव्हती. त्याच्यावरून माणसं घसरून भलतीकडेच जातात. त्या पेनाकडे बघताना मला बाळाप्पाचा उशीवरचा हात दिसला, आणि तो उद्याच, म्हणजे शनिवारी, त्यावर मी केलेलं मलम लावून घेणार आहे हेही.

"सही करू नका," मी म्हणालो.

सगळ्यांनी बघितलं. मग मला जे व्यवस्थित, शास्त्रीय क्रमाने सांगायचं होतं त्यातलं काहीच सुचेना. मी बाहीचं बटण काढायला लागलो. ते निघेना. घामाने बोटं सटकत होती. शेजारी बसलेल्या वकिलांना काय चाललंय कळेना, पण त्यांनी सवयीने मदत केली आणि बटण काढून दिलं. बाही वर केली तर कापड जखमेला चिकटलेलं, ते निघताना बरोबर थोडी कातडीही घेऊन निघालं.

"हे माझं मलम," मी म्हणालो. "सव्वीस दिवस. आणि पेशी शंभरात चौदाच जगतात. आमच्या मुल्लाबाईंनी मोजल्यात. त्यांनी मला महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

कुंभोजकर उठून आले. त्यांनी माझा हात धरून खिडकीशी नेला, जखमेच्या कडेवर अंगठा दाबला. मी ओरडलो नाही, पण ते माझ्या शौर्यामुळे नाही. कडेला मला काही लागतच नव्हतं.

"सव्वीस दिवस," ते म्हणाले.

"हो."

"आणि परवा, तेरवा, रोज मी तुम्हाला फोन करत होतो."

"हो."

त्यांनी हात सोडला. "उद्या सकाळी ओपीडीत या. रांगेत बसा, वशिला नाही."

अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं. पोस्टमास्तर एवढंच म्हणाले, "त्या बाईंना एकदा इथे बोलवा. त्यांच्याकडून ऐकायला आवडेल."

पुढचं थोडक्यात आहे. मलम बंद झालं. मी पाठवून ठेवलेला शोधनिबंध परत मागवला, कारण काय ते खरं लिहून. संस्थेत सहा महिने माझ्या पाठीमागे 'एकशे अठरा' एवढंच नाव होतं, आणि ते काही वाईट नव्हतं. त्यानंतर मुल्लाबाईंच्या वहीवरून आम्ही एक चार पानी टिपण लिहिलं: वनस्पतींचा लेप असलेले कण या चाचणीला कसे फसवतात, आणि रिकामी बशी ठेवणं का सोडू नये. त्यावर पहिलं नाव रेहाना मुल्ला, दुसरं माझं. बाईंचा आग्रह उलटा होता. मी म्हणालो, "बाई, एकदा तरी तुमचं ऐकू द्या." माझ्या साऱ्या आयुष्यात मी जे काही छापलं, त्यात दूरदूरच्या लोकांनी वाचून पत्रं पाठवली ती फक्त त्या चार पानांसाठी. बहुतेक पत्रांची सुरुवात 'प्रिय डॉक्टर मुल्ला' अशी असायची. बाई ती पत्रं फाईलला लावायच्या आणि डॉक्टर या शब्दावर बारीक पेन्सिलीने रेघ मारायच्या.

पण शनिवार सकाळ सांगायची राहिली.

मी ओपीडीत गेलो तेव्हा बाकावर बाळाप्पा बसला होता. ड्रेसिंगसाठी त्याला वॉर्डातून खाली आणलं होतं. मला बघून तो सरकला आणि जागा करून दिली.

"आज लावायचं न्हवं? नवं औशद?"

मी बसलो. आदल्या दिवशी समितीपुढे जे सुचलं नव्हतं, ते तिथेही सुचलं नाही. "ते नाही लावायचं," मी म्हणालो. "त्याने कातडी मरते. माझ्या हाताला मी तेच लावलं होतं. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. आता बाही दुमडलेली होती.

"सशाला लावलं हुतं म्हनाला हुता."

"सशाला पातळ होतं. दाट मीच केलं."

"आन् मला लावलं असतं."

"हो."

मी उत्तराची वाट बघत होतो, खरं तर शिवीची. दिली असती तर हिशेब फिटल्यासारखं वाटलं असतं, म्हणूनच बहुधा त्याने दिली नाही. समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे बघत त्याने एवढंच विचारलं, "मग आता ह्येचं काय करायचं?" आणि उजवा हात जरासा वर उचलला.

"जुनंच मलम लावतील. आणि मांडीची कातडी काढून बसवावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात. वेळ लागेल. पण हात वाचेल."

"हंगाम गेला म्हनायचा."

"हा हंगाम गेला."

तेवढ्यात दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. "कोरे बाळाप्पा," त्यांनी हाक मारली.

बाळाप्पा उठला नाही. त्याने डाव्या कोपराने मला ढोसलं आणि सिस्टरला म्हणाला, "ह्या सायबास्नी आधी घ्या. त्येंचं माझ्यापेक्षा जुनं हाय."

सिस्टरने माझा हात बघितला आणि दार धरून ठेवलं. नाही म्हणावं एवढं मला समजत होतं. पण गेल्या काही तासांपासून जखम ठणकायला लागली होती, आणि मी उठलो आणि त्याच्या आधी आत गेलो.